दगडफुलाची नोंद नमुन्यासकट व्हावी, आणि तो नमुना नागपुरात राहावा : जैवविविधता मंडळाला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि मा. सदस्य सचिव,
महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळ,
नागपूर

विषय : विदर्भाच्या दुर्गम भागात नव्याने आढळणाऱ्या लायकेनच्या जातींची लोकजैवविविधता नोंदवहीत नोंद घेण्याबाबत आणि त्यांचे नमुने नागपुरात जतन करण्याबाबत

महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी नागपुरात वनस्पतिशास्त्र शिकवते. सुट्ट्या लागल्या की, आणि एरवीही जमेल तेव्हा, वनविभागाची परवानगी घेऊन गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण भागात आणि मेळघाटात लायकेन गोळा करते, ओळखते, त्यांच्या नोंदी ठेवते. लायकेन म्हणजे आपलं दगडफूल आणि त्याचे असंख्य भाऊबंद. मंडळाकडे मला दोन गोष्टी मागायच्या आहेत. गावोगावच्या लोकजैवविविधता नोंदवहीत, म्हणजे गावच्या परिसरातल्या सजीवांची नोंद ठेवणाऱ्या वहीत, लायकेनसाठी स्वतंत्र तक्ता असावा, ही पहिली. त्या तक्त्यातली प्रत्येक नोंद ज्या तुकड्याच्या आधाराने झाली तो तुकडा ठेवायला नागपुरात कायमची जागा असावी, ही दुसरी. माझ्या मते दुसरी मागणी जास्त महत्त्वाची आहे. ती का, हे नीट सांगायचं तर पत्र थोडं लांबेल, त्याबद्दल आधीच क्षमा मागते.

दगडफूल नागपूरकरांना नवं नाही. इतवारीत मसाल्याच्या कुठल्याही दुकानात ते मिळतं आणि सावजी मसाल्यात ते हवंच. पण तिथल्या पोत्यात येणारा माल बहुतेक हिमालयातला किंवा दक्षिणेकडच्या डोंगरांतला असतो, आणि एका पोत्यात एकच जात असेल असंही नाही. पार्मोट्रेमा, हायपोट्रॅकायना, हेटेरोडर्मिया अशा वेगवेगळ्या प्रजातींचं (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट) दगडफूल एकत्र तोललं जातं. त्यामुळे घरोघरी ज्याची फोडणी बसते ते नेमकं काय, हे विकणाऱ्याला माहीत नसतं आणि घेणाऱ्यालाही. आपल्याच जंगलातल्या झाडांवर, आपल्याच खडकांवर काय वाढतं, याची माहिती तर त्याहून कमी.

मंडळाच्या कामात हे पत्र अनेकांच्या हातात जाईल, म्हणून लायकेनची ओळख थोडक्यात करून देते. लायकेन ही एक वनस्पती नसते. बुरशीच्या धाग्यांच्या जाळ्यात शैवाल किंवा सायनोबॅक्टेरिया राहतात, उन्हावर अन्न तयार करतात आणि त्यावर दोघांचं भागतं. स्विस शास्त्रज्ञ सायमन श्वेन्डेनर यांनी १८६७ मध्ये हे मांडलं तेव्हा त्या काळच्या नावाजलेल्या लायकेनतज्ज्ञांनी ते धुडकावून लावलं होतं. २०१६ मध्ये टोबी स्प्रिबिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की कित्येक लायकेनच्या वरच्या सालीत यीस्टच्या रूपातली आणखी एक बुरशीही असते. म्हणजे दीडशे वर्षं अभ्यास होऊनही यात कोण कोण नांदतंय याचा हिशोब पुरा झालेला नाही. जगभरात १९ हजारांहून जास्त जातींना नावं मिळाली आहेत, भारतातला आकडा तीन हजारांच्या आसपास जातो, आणि दरवर्षी त्यात भर पडते.

लायकेन थंड, धुकट डोंगरातच वाढतं असा समज पक्का आहे, आणि विदर्भाच्या उन्हामुळे तो आणखीच पक्का होतो. मेमध्ये पारा पंचेचाळिशीच्या वर गेलेला असताना धावड्याच्या खोडाकडे पाहिलं तर राखाडी डागांपलीकडे काही दिसत नाही. ते डाग जिवंत असतात. पाणी संपलं की लायकेन स्वतःचं काम थांबवतं आणि नुसतं थांबून राहतं. पाण्याच्या बाटलीतले चार थेंब त्या डागावर टाकावेत आणि भिंग लावून बघावं. वरची साल पाण्याने पारदर्शक होते, खालचं शैवाल दिसू लागतं आणि राखाडी डाग पाहता पाहता हिरवा होतो. गावातली पोरं हे बघायला पुन्हा पुन्हा पाणी मागतात. जंगल दाखवायला आलेल्या वनरक्षकानेही एकदा स्वतःच्या पाण्याची बाटली अशीच रिकामी केली होती.

पानझडी जंगलात लायकेन खोडाला घट्ट चिकटलेल्या पातळ पापुद्र्यासारखी असतात. महाबळेश्वर-आंबोलीकडची पानांसारखी पसरणारी, फांद्यांवरून लोंबणारी लायकेन आपल्याकडे कमी, आणि जी आहेत ती चिखलदऱ्यासारख्या उंच पठारावर किंवा ओढ्याकाठच्या सावलीत. कुठल्या झाडावर काय सापडेल हे साल ठरवते. धावड्याची साल गुळगुळीत, ऐनाची मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली, सागाची पातळ ढलप्यांनी सुटणारी. आंब्याचं जुनं खोड मिळालं तर माझा तासभर तिथेच जातो, कारण त्यावर हमखास बरंच काही असतं. गावाबाहेरच्या जुन्या आमराया तोडल्या जातात तेव्हा आंब्यांबरोबर काय काय जातं याचा हिशोब कुणी मांडत नाही, हे इथेच सांगून ठेवते.

खडकाचं गणित वेगळं आहे, आणि ते खास नागपूरचं आहे. सीताबर्डीची टेकडी दख्खनच्या काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसॉल्टची. हा पाषाण पश्चिमेला पार समुद्रापर्यंत पसरला आहे आणि पूर्वेला नागपूरच्या वेशीपाशी संपत येतो. पुढे कामठीकडे वालुकाश्म, रामटेक-मनसरच्या बाजूला रूपांतरित खडक आणि त्यांत संगमरवराचे पट्टे, तर गडचिरोलीत फार जुना नाइस हा पट्टेदार खडक आणि ग्रॅनाइट. खडकावरची लायकेन जागेबाबत चोखंदळ असतात. चुन्याच्या खडकावर वाढणारी जात ग्रॅनाइटवर सहसा येत नाही. त्यामुळे सह्याद्रीतल्या बेसॉल्टवर तयार झालेली यादी उचलून गडचिरोलीला लावता येणार नाही. ती इथेच, नव्याने, दगडाजवळ बसून करावी लागेल.

महाराष्ट्रात लायकेनचं काम झालंच नाही असं मात्र कुणी समजू नये. पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत, म्हणजे आजच्या आघारकर संशोधन संस्थेत, पी. जी. पटवर्धन, ऊर्मिला मखिजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक दशकं हे काम केलं. तिथला लायकेनचा संग्रह देशातल्या महत्त्वाच्या संग्रहांपैकी आहे. लखनौला धरणीधर अवस्थी यांनी भारतातल्या लायकेनशास्त्राचा पाया घातला. त्यांनी १९९१ आणि २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ओळख-कीज, म्हणजे लक्षणं एकेक करून ताडत जातीच्या नावापर्यंत नेणारे तक्ते, आजही माझ्या टेबलावर उघड्या असतात. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेत आज देशभरचे नमुने आहेत. पण महाराष्ट्रातला अभ्यास मुख्यतः सह्याद्रीत झाला. ते साहजिकच होतं, तिथे जाती जास्त आणि पुणं जवळ. आमचा भाग राहून गेला.

आता नोंद कशी होते ते सांगते, कारण माझी मागणी त्यातूनच आली आहे.

भामरागड तालुक्यात ओढ्याकाठच्या एका झाडाच्या गुळगुळीत सालीवर मला ग्राफिस गटातलं एक लायकेन मिळालं. या गटाला ओळखायला वेळ लागत नाही : पांढुरक्या पापुद्र्यावर काळ्या, बारीक, वेड्यावाकड्या रेघा, कुणी टाकाने काहीतरी लिहून ठेवल्यासारख्या. गट कळला म्हणजे जात कळली असं नाही. चाकूने सालीचा वरचा पातळ पदर तेवढा काढला, झाडाच्या जिवंत भागाला धक्का न लावता. तपकिरी कागदाच्या घडी घातलेल्या पाकिटात तो ठेवला. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवला तर दोन दिवसांत बुरा येतो. पाकिटावर तिथल्या तिथे झाडाचं नाव, जमिनीपासूनची उंची, सावली किती, अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, तारीख आणि माझा नमुना क्रमांक लिहिला. हे घरी येऊन लिहीन म्हटलं की संपलं.

नागपूरला आल्यावर खरं काम सुरू झालं. ब्लेडने त्या काळ्या रेघेचा आडवा छेद घेऊन मायक्रोस्कोपखाली ठेवला. रेघेची काळी भिंत नुसती बाजूंनी आहे की खालूनही बंद आहे, हे पाहायचं. मग बीजाणू : ते ज्या सूक्ष्म पिशव्यांत तयार होतात त्यांतल्या एकीत किती, रंगहीन की तपकिरी, लांबी किती मायक्रोमीटर, आडवे पडदे किती, उभे पडदे आहेत का. आयोडीनचा थेंब दिला की ग्राफिसचे बीजाणू जांभळट निळे होतात, तसे ते झाले. पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब पापुद्र्यावर दिला. तो आधी पिवळा झाला आणि थोड्या वेळाने विटकरी लाल. मायक्रोस्कोपखाली त्याच थेंबात लाल सुयांसारखे स्फटिक उमटले. म्हणजे त्यात नॉरस्टिक्टिक आम्ल हे लायकेनमध्ये आढळणारं रसायन आहे. या टेस्ट फिनलंडच्या विल्यम नायलँडर यांनी १८६६ मध्ये रूढ केल्या आणि आजही त्या तशाच वापरतो. ब्लीचचा थेंबही त्यांतलाच. पार्मोट्रेमा टिंक्टोरम या मोठ्या राखाडी दगडफुलाची वरची साल खरवडून पांढऱ्या गाभ्यावर ब्लीच टाकलं की तो क्षणात रक्तासारखा लाल होतो. वर्गात हे दाखवलं की मागच्या बाकावरची मुलंही पुढे येतात.

इतकं झाल्यावर ओळख-की मला मोजक्या नावांपर्यंत घेऊन आली. पुढे जायला एकच मार्ग उरतो, तो म्हणजे त्या नावांचे खात्रीचे, आधी तपासलेले नमुने शेजारी ठेवून पाहणं. त्यासाठी पुणं किंवा लखनौ गाठावं लागतं. या नमुन्याचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण तपासणी पुरी झालेली नाही. छापील नोंदींमध्ये विदर्भातून त्याचा उल्लेख मला मिळालेला नाही, एवढंच आज सांगू शकते. एखाद्या पत्रकाराने विचारलं तर त्यालाही एवढंच सांगेन.

कारण ‘नवी जात सापडली’ या तीन शब्दांत फार वेगवेगळ्या गोष्टी एकत्र होतात. गावाच्या नोंदवहीला नवी, जिल्ह्याला नवी, राज्याला नवी, देशाला नवी आणि विज्ञानालाच नवी, या पाचही बातम्या वर्तमानपत्रात एकाच मथळ्याखाली येतात. विज्ञानाला नवी जात म्हणायची तर तिचं वर्णन रीतसर प्रसिद्ध व्हावं लागतं. पूर्वी ते लॅटिनमध्येच द्यावं लागे, २०१२ पासून इंग्रजीतही चालतं. लायकेनचं नाव त्यातल्या बुरशीचं नाव मानतात, म्हणून २०१३ पासून बुरशींच्या ठरावीक जागतिक नोंदणीतला क्रमांकही घ्यावा लागतो. आणि ज्या एका नमुन्यावरून ते वर्णन केलं, तो नमुना कुठल्या संग्रहात ठेवला हे लिहावंच लागतं. आपल्या जैविक विविधता कायदा २००२ च्या कलम ३९ मध्येही हेच आहे : नव्याने शोधलेल्या जातीची माहिती नेमून दिलेल्या संस्थेला कळवायची आणि तिचा नमुना तिथे जमा करायचा. म्हणजे कायद्यालाही शब्द पुरेसा वाटत नाही, तुकडा लागतो.

राज्यासाठी नवी, जिल्ह्यासाठी नवी अशा नोंदींना मात्र असं काही बंधन नाही, आणि दुर्गम भागातल्या बहुतेक नोंदी याच प्रकारच्या असतात. त्यांचं भवितव्य नमुना सांभाळणाऱ्यावर सोपवलेलं असतं. शहरातल्याच एका महाविद्यालयात माझ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी आयुष्यभर गोळा केलेली पाकिटं लाकडी कपाटांत होती. ते निवृत्त झाले, खोली दुसऱ्या विभागाला मिळाली आणि कपाटं रिकामी करण्यात आली. मला कळलं तेव्हा पाकिटं रद्दीत गेली होती. काही मिळाली, पण ओली होऊन शाई पसरल्यामुळे त्यांवरचे क्रमांक वाचता येत नव्हते. त्यांच्या वहीत नोंदी आहेत, सुंदर अक्षरात आहेत. त्या वहीतल्या एकाही नावाची आज कुणाला फेरतपासणी करता येत नाही. लायकेनच्या वर्गीकरणात जुनी प्रजाती फुटून चार नव्या होतात हे नेहमीचं आहे. नमुना असेल तर नाव दुरुस्त होतं. नसेल तर ती नोंद कुठल्या नावाखाली घालायची हे कुणालाच सांगता येत नाही.

नोंदवह्यांबद्दलही बोलते. राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली आणि देशभर नोंदवह्या पुऱ्या करण्याची धांदल उडाली, हे आपण जाणताच. राज्यातल्या २८ हजारांहून अधिक स्थानिक संस्थांच्या जैवविविधता समित्यांनी आपापल्या नोंदवह्या उभ्या केल्या, ही साधी गोष्ट नव्हती. त्यांत झाडं आहेत, झुडपं, वेली, गवत, कंद, औषधी वनस्पती, जनावरं, बाजार, सगळ्यांना तक्ते आहेत. लायकेन आलंच तर औषधी वनस्पतींत ‘दगडफूल’ म्हणून एका ओळीत येतं. मी पाहिलेल्या एका गावाच्या नोंदवहीत या ओळीपुढे फोटो होता फांदीवरून हातभर लोंबणाऱ्या अस्निया या लायकेनचा, इंटरनेटवरून घेतलेला. ते गाव धानाच्या बांध्यांमध्ये वसलेलं, सखल. तिथे अस्निया तसं लोंबणं शक्य नाही. ज्या तरुणाने तो फोटो लावला त्याला दोष देण्यात अर्थ नाही. गावामागच्या टेकडीवरचं खरं लायकेन ओळखून देणारं कुणी त्याच्याकडे गेलं नव्हतं आणि त्याने तुकडा आणला असता तरी पाठवायला पत्ता नव्हता.

म्हणून तक्ता असा असावा की नाव माहीत नसलं तरी तो भरता येईल. कशावर वाढलंय, झाडावर असेल तर कुठल्या, दगडावर असेल तर कुठल्या. रंग, कोरडं असताना आणि ओलं असताना. चिकटलेलं, पानासारखं की झुडपासारखं. कुणी दाखवलं, त्या माणसाचं नाव. माडिया, गोंडी किंवा कोरकू भाषेत त्याला काही म्हणत असतील तर तोच शब्द, मराठीत न बदलता. कशासाठी वापरत असतील तर ते लिहायचं की नाही याचा निर्णय ग्रामसभेचा. आणि शेवटचा, सगळ्यात मोठा रकाना नमुना क्रमांकाचा. शास्त्रीय नावाचा रकाना रिकामा सोडायची मुभा असावी. तो नंतर भरता येतो. रिकामा रकाना चुकीच्या नावापेक्षा कितीतरी बरा.

किती घ्यायचं याची सूचनाही तक्त्यावरच छापावी. खोडावरची कित्येक लायकेन वर्षाला मिलिमीटर-दोन मिलिमीटर वाढतात. तळहाताएवढा डाग कधीकधी बघणाऱ्याच्या आजोबांच्या वयाचा असतो. तिथे दुसरा दिसला नाही तर पहिल्याला हात लावू नये, फोटो आणि जागेची नोंद करून परत यावं. इतर वेळी बोटाच्या पेराएवढा तुकडा पुरतो.

नागपुरातल्या जागेसाठी फार काही लागत नाही. मंडळाचं मुख्यालय इथे आहे, राज्याच्या वनविभागाचं मुख्यालय इथे आहे, विद्यापीठ इथे आहे. एक कोरडी खोली, लोखंडी कपाटं, पाकिटं कीडमुक्त करायला एक डीप फ्रीझर, एक चांगला मायक्रोस्कोप, आणि या सगळ्याची जबाबदारी असणारं एक कायम पद. शेवटची गोष्ट राहिली तर बाकी सगळं दहा वर्षांत पुन्हा रद्दीत जाईल, हे मी पाहिलेल्या अनुभवावरून सांगते. आपलं हवामान आठ महिने या कामाला अनुकूल आहे. पावसाळ्यात तेवढी काळजी घ्यावी लागेल.

लखनौ आणि पुण्यात संग्रह असताना नागपूरला वेगळा कशाला, असं कुणी विचारील. प्रत्येक नमुन्याचा अर्धा भाग तिथे जावाच, तपासणीसाठी आणि सुरक्षिततेसाठीही. पण अहेरीच्या किंवा धारणीच्या महाविद्यालयातली मुलगी स्वतःच्या गावच्या झाडावरचं लायकेन ओळखायला शिकणार कशी? भामरागडहून नागपूर गाठायलाच दिवस जातो. त्यापुढे लखनौ म्हणजे तिच्यासाठी नाहीच. शेजारी ठेवून पाहायला खात्रीचे नमुने इथे असतील तर पुढच्या दहा वर्षांत विदर्भात पाच-सहा जणं तरी हे काम करणारी तयार होतील. आज त्यांना सुरुवात करायलाच जागा नाही.

घाई का, तेही सांगते. एटापल्ली तालुक्यात लोहखनिजाचं खाणकाम सुरू आहे, रस्ते रुंद होत आहेत, आणि त्या रस्त्यांच्या कडेच्या झाडांवर लाल धूळ बसते. खाण असावी की नसावी यावर या पत्रात मी काही म्हणत नाही. मला एवढंच माहीत आहे की लायकेनला मुळं नसतात, लागणारं सगळं ते हवेतून आणि पावसातून घेतं, आणि हवेत जे असेल तेही त्याच्यात साठतं. नायलँडर यांनी १८६६ मध्येच लिहून ठेवलं होतं की पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेत जी लायकेन आहेत ती शहरात इतरत्र दिसत नाहीत, आणि याचा संबंध हवेशी आहे. पुढे तीस वर्षांनी त्या बागेतूनही ती गेली. ती गेली हे कळलं, कारण आधी होती याची कुणीतरी नोंद केली होती.

आपल्याकडे कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर अशी मोठी औष्णिक वीज केंद्रं आहेत. आंब्याच्या खोडावर सर्रास दिसणारं पिक्सीन कोकोज हे लायकेन अतिनील दिव्याखाली पिवळं चमकतं, त्यामुळे ओळखायला सोपं. उत्तर प्रदेशात रायबरेलीच्या औष्णिक केंद्राभोवती याच जातीत साठलेले धातू लखनौच्या शास्त्रज्ञांनी मोजले आहेत. तसं मोजमाप इथे करायचं तर आधी कुठल्या झाडावर काय होतं याची यादी लागेल. खाणीपासून, रस्त्यापासून, वीज केंद्रापासून दूर असलेली जंगलं आज आहेत तोवरच ती यादी करता येईल. दुर्गम भागातल्या नोंदीचं मोल मला यात वाटतं. तिथलं लायकेन दुर्मीळ असेलच असं नाही. शहराजवळ पूर्वी काय असावं याचा अंदाज मात्र तिथेच येतो.

सुरुवात कुठून करावी याचंही सुचवते. आलापल्लीच्या जुन्या सागवानाच्या राखीव तुकड्याला २०१४ मध्ये जैविक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला, राज्यातला पहिला. जुन्या झाडांवर लायकेनला पिढ्यान्‌पिढ्या मोकळीक मिळालेली असते. जुन्या, न तोडलेल्या जंगलांतच टिकणारे काही गटही आहेत. तिथल्या प्रत्येक वठलेल्या आणि उभ्या झाडाची लायकेन-यादी, नमुन्यासकट, हे मंडळाचं पहिलं काम व्हावं. दुसरं मेळघाटात, चिखलदऱ्याचं पठार आणि गाविलगडाच्या भिंती. किल्ल्याच्या दगडांवर काय वाढलंय हे संवर्धन करणाऱ्यांनाही कळायला हवं, कारण काही लायकेनची आम्लं दगड खातात आणि काही वर्षानुवर्षं नुसती बसून राहतात. सगळी एकजात खरवडून काढण्याआधी ती कोण हे पाहिलं पाहिजे.

माझ्याकडची पाकिटं, त्यांच्या नोंदवह्या आणि काढलेल्या स्लाइड्स, जागा झाली की पहिल्या दिवशी मी मंडळाच्या ताब्यात देईन. समित्यांच्या सदस्यांसाठी, वनरक्षकांसाठी आणि शाळा-महाविद्यालयांतल्या शिक्षकांसाठी गोळा करण्याचं आणि पाकीट भरण्याचं प्रशिक्षण विनामोबदला घेण्याची माझी तयारी आहे. गडचिरोलीत जाऊनही घेईन. माझे काही जुने विद्यार्थी सोबत यायला तयार आहेत. ब्लीच आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड यांच्या टेस्ट गावात करून दाखवता येतात. तिसरी, पॅरा-फिनिलीन डायअमाइनची, विषारी आहे. ती प्रयोगशाळेतच व्हावी, एवढी दक्षता घ्यावी लागेल.

आपण भेटीची वेळ द्यावी ही विनंती. पावसाळा संपून जंगलातले रस्ते सुरू होण्याआधी तक्ता ठरला तर याच हिवाळ्यात आलापल्लीपासून काम धरता येईल. तक्त्याचा कच्चा मसुदा आणि माझ्याकडच्या नमुन्यांची क्रमांकवार यादी या पत्रासोबत जोडली आहे. यादीत ज्या नमुन्यांचं नाव निश्चित झालेलं नाही, त्यांपुढची जागा कोरी ठेवली आहे.

आपली नम्र,
वनस्पतिशास्त्राची एक शिक्षिका,
नागपूर